टँकरमधून आलेल्या आसरा

गरोदर बाई पाण्यात उतरते तेव्हा सगळे तिच्या पोटाकडे बघतात. मी भुवयांकडे बघायचे. पहिल्या पायरीवर त्या आकसलेल्या असतात, गुडघाभर पाण्यात जरा सैल होतात आणि पाणी छातीला लागलं की एकदम सुटतात. मग ती बाई मागे वळून माझ्याकडे बघते आणि काहीतरी म्हणते. बहुतेक जणी 'अगंबाई' म्हणतात. एकदा एक गुजराती सूनबाई 'ओ जीझस' म्हणाली होती. कुठल्या मालिकेतून उचललं होतं देव जाणे, पण आम्हा ख्रिस्ती बायकांना तेव्हा फार बरं वाटलं.

वसईतल्या एका तरणतलावावर मी बायकांची कोच होते. दुपारची वेळ बायकांसाठी राखलेली असायची आणि त्यातच एका कडेला मी गरोदर बायकांचा छोटासा वर्ग घ्यायचे. नाताळ अंकासाठी नोकरीच्या आठवणी लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, माझ्या आठवणींना क्लोरीनचा वास येतो, चालेल का? ते म्हणाले, चालेल. तेव्हा आता तक्रार करायची नाही.

या वर्गाबद्दल लोकांच्या डोक्यात भलभलतं असतं. मी पोटुश्या बायकांना सूर मारायला लावते असं आमच्याच चर्चमधल्या एका बाईंनी गावभर केलं होतं. तसं काही नव्हतं. सूर नाही, उडी नाही, दम कोंडून बुडी मारणं नाही, आणि डॉक्टरने हो म्हटल्याशिवाय पाण्याला पाय लावणंच नाही. ज्यांना आधीपासून पोहता येत असे त्या संथ पोहायच्या. बाकीच्या छातीभर पाण्यात कठडा धरून चालायच्या, पाय हलवायच्या आणि शेवटी थोडा वेळ फोमची लांब नळी काखेखाली घेऊन, पाठीला माझा हात, अशा पाण्यावर टेकायच्या. बस, एवढंच. पण सबंध दिवस जे ओझं कंबर उचलते ते तेवढा वेळ पाणी उचलतं. वालीवच्या एका कारखान्यात पॅकिंगला उभी राहणारी एक पोरगी रविवारी यायची. तिचे घोटे सुजून पायाला आकार म्हणून उरला नव्हता. ती म्हणायची, "टीचर, इथे कोणीतरी मला कडेवर घेतल्यासारखं वाटतं." लग्नानंतर तिला कोणी कडेवर घेतलं नसावं.

खरी काळजी असते ती बाहेर येताना. पाण्याने उचललेलं वजन पायऱ्यांवर एकदम परत अंगावर येतं, गुडघे लटपटतात, आणि समोर ओली फरशी. पाण्यात पडून कोणाला काही झालेलं मी पाहिलं नाही, फरशीने मात्र माझा जीव खाल्ला. रबरी चटया घाला म्हणून मी मॅनेजरच्या इतकी मागे लागले की ते मला बघितलं की आपल्या केबिनचं दार लावून घ्यायचे. शेवटी चटया आल्या, आणि त्या त्यांनाच सुचल्या होत्या असं ठरलं.

माझं माहेर पाचूबंदरला, कोळ्याच्या घरात. कोळ्याची पोर म्हणजे जन्मतःच पोहणारी असं लोक धरून चालतात. आमच्याकडच्या बायका मासळीच्या बाजारात कोणाला ऐकत नाहीत, पण गळ्याएवढ्या पाण्यात उभ्या केल्या तर मारियेचा धावा सुरू करतील. पुरुष समुद्रावर, बायका काठावर, अशीच वाटणी. माझ्या वडिलांना मुलगा नव्हता आणि शिकवायची हौस दांडगी होती, म्हणून मला पोहता आलं. त्यावर पुढे पोट भरलं. आईला शेवटपर्यंत हे काम वाटलंच नाही. शेजारणींना ती सांगायची, "आमची सिसिलिया आंघोळीच्या ठिकाणी नोकरीला आहे."

आता मला ज्यांच्याविषयी सांगायचं आहे त्या दोघींकडे येते. एक प्रणाली आणि दुसरी तिची सासू हिराबाई. घर उमेळ्यात, जुनं शेतकरी घराणं. वाडीचा एक तुकडा राहिलेला, बाकी इमारती झालेल्या.

प्रणालीचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. कारण कोणाला कळलं नाही. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा घरातल्या प्रत्येकाने तिला आपापल्या परीने जपायला घेतलं, म्हणजे पलंगावर निजवून ठेवलं. पाणी द्यायला माणूस, उशी सारायला माणूस. त्यात तिची पाठ धरली, झोप उडाली, आणि मनात दिवसभर एकच गोष्ट फिरायला लागली. तिच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासून सांगितलं की हिला निजवू नका, हिला पाण्यात चालू दे. नवऱ्याने तिला माझ्याकडे आणून सोडलं आणि हळूच म्हणाला, "आईला अजून बोललो नाही."

प्रणाली पहिल्या दिवशी पाण्यात उतरली तेव्हा तिच्या भुवया सुटल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. कठड्याला धरलेली बोटं पांढरी पडायची. मी तिला काही शिकवलं नाही, फक्त बाजूने चालले आणि पाचूबंदरच्या बायकांची भांडणं सांगितली. तिसऱ्या खेपेला एका भांडणाच्या मध्येच तिने खांदे खाली सोडले. "टीचर," ती म्हणाली, "पाठ दुखायची थांबलीय." आणि रडायला लागली. पाण्यात रडण्याची एक सोय असते, तोंड वेगळं पुसावं लागत नाही.

तेवढ्यात वॉचमन धावत आला. बाहेर एक म्हातारी आलीय, हातात ताट आहे, ऐकत नाही.

प्रणालीच्या नवऱ्याच्या पोटात गोष्ट राहिली नव्हती. मी बाहेर गेले ती भांडणाच्या तयारीने. गेटवर हिराबाई उभ्या. उंच, सुकलेल्या, केसांत अबोलीची वेणी. ताटात नारळ, खण, तांदूळ, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू.

"पोर पान्यात हाय?" त्यांनी विचारलं.

"हो. पण डॉक्टरांनीच…"

"डागदरनीचं मना सांगू नको. या तलावाच्या आसरा कंच्या बाजूला हायत ते सांग."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. विहिरीत, तळ्यात त्यांचा वास असतो आणि पोटुशी बाई पाण्याकाठी गेली की त्यांची नजर तिच्या ओटीवर जाते, असं आपल्याकडच्या जुन्या बायका मानतात. म्हणून आधी त्यांचीच ओटी भरायची, त्यांना खूश ठेवायचं. माझ्या लहानपणी आमच्या बाजूच्या हिंदू आळीतल्या विहिरीवर हळदकुंकवाची बोटं मी पाहिली होती.

मी म्हटलं, "हिराताई, हे टाइल्सचं टाकं आहे. यात कोण कशाला येऊन राहील?"

"पानी कुठून येतं?"

"बोअरचं असतं. आणि भरताना टँकरचं."

"टँकर कुठं भरतो?"

टँकर कुठे भरतात ते सगळ्या वसईला माहीत आहे. गावागावांतल्या विहिरींवर आणि बावखलांवर. बावखल म्हणजे आमच्या वाड्यांमधली गोड्या पाण्याची तळी, ज्यांच्यावर इथली केळी आणि पानवेली जगल्या.

"मग त्या टँकरमधून आल्याच की हितं," हिराबाई म्हणाल्या. "त्यांना काय, पानी जाईल तिकडं जायाचं. गाव सोडून आल्यात बिचाऱ्या, ओटी नको का त्यांची भरायला?"

यावर वाद घालणारा माणूस मला दाखवा. मॅनेजर आले, त्यांना मी बाजूला घेऊन सांगितलं. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "पाण्यात काही टाकायचं नाही, नारळ फोडायचा नाही, आणि मी हे पाहिलेलं नाही." आम्ही फिल्टरच्या खोलीमागे गेलो, जिथून पाणी तलावात शिरतं. हिराबाईंनी भिंतीवर हळदकुंकवाची सात बोटं ओढली. ताट धरायला कोणीतरी हवं होतं, ते मी धरलं. गळ्यात माझा क्रूस, हातात ओटीचं ताट, वर पंपाची घरघर. हिराबाईंनी हात जोडले आणि भिंतीला दम दिला, "ही माझी सून. हिच्यावर नजर नाय टाकायची. टाकलीत तर पुन्हा एक बांगडी नाय मिळायची."

ओटी झाली तरी त्या घरी गेल्या नाहीत. त्या दिवसापासून प्रत्येक वर्गाला यायच्या, काठावर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायच्या. फोटोबिटो काढणाऱ्या सासवा मी पाहिल्या होत्या, सूचना देणाऱ्या तर ढिगाने. हिराबाई बोलायच्या नाहीत. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली, त्या सुनेकडे बघत नसत. त्या पाण्याकडे बघत. चोर बसलेल्या खोलीच्या दाराकडे बघावं तसं. पावलं पण खुर्चीखाली ओढून घ्यायच्या, पाण्याचा शिंतोडा नको.

प्रणाली मात्र खुलत गेली. बोटं सुटली, मग एक हात सुटला, मग ती नळी घेऊन माझ्या हातावर टेकायला लागली. आठवा लागला. सातवा पार पडला यावर घरात कोणी मोठ्याने बोललं नाही, पण नवरा सगळ्या बायकांना पेढे देऊन गेला.

आणि मग एका दुपारी ती पाण्याच्या मधोमध थांबली. दोन्ही हात पोटावर. "टीचर, हलत नाहीये."

"कधीपासून?"

"माहीत नाही. पाण्यात आल्यापासून नाही हललं. सकाळी… सकाळी हललं होतं का तेच आठवत नाहीये."

आई चालत असली की बाळ झोके घेत झोपून जातं, हे मला माहीत होतं. आणि असल्या वेळी आपलं माहीत असणं खिशात ठेवायचं हेही माहीत होतं. हालचाल कमी वाटली की थांबायचं नाही, सरळ डॉक्टर. मी तिला कमरेला धरून पायऱ्यांवरून एकेक करत बाहेर काढलं, चटईवर उभं केलं, ओल्या अंगावर टॉवेल गुंडाळले. हिराबाई खुर्चीवरून उठल्या होत्या. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. फक्त पाण्याकडे बघून म्हणाल्या, "परत?"

मला वाटलं त्या प्रणालीच्या पहिल्या बाळाविषयी बोलताहेत.

गेटवरच रिक्षा धरली. दवाखान्यात प्रणालीला आत घेतलं, दार लागलं आणि आम्ही दोघी बाकावर. माझ्या अंगावर अजून ओला कॉस्च्युम, वरून गाऊन. हिराबाईंनी माझा हात धरला नाही, माझ्या गाऊनची कड धरली आणि समोरच्या भिंतीकडे बघत बोलायला लागल्या.

"माझा पयला पोर. दिवस भरत आलेले. घरात मानसं भरपूर, कपडे भरपूर. मी रोज बावखलात उतरून धुवायची. गुडघाभर पान्यात. मना बरं वाटायचं गो तिथं, सांगू तुला? पाय गार पडायचे. कोन बोलवायला नाय, कोन कामं सांगायला नाय. कपडे धुवून झाले तरी मी उभी र्‍हायची. आनि पोर झाला तो मेलेलाच झाला. सासू बोलली, पान्यात उभी र्‍हायलीस, आसरांनी उचलला. सगळे तेच बोलले. मना तिथं बरं वाटायचं म्हनून गेला तो."

"नाही हो, ताई."

"पुढं दोन झाले, जगले. पन बावखलात मी पाय नाय टाकला. ते बुजवलं इमारतीला, तवा बाकीचे हळहळले. मी बोलले, बरं झालं."

चाळीसएक वर्षं एक बाई आपल्याला गार पाण्यात बरं वाटलं याची शिक्षा भोगत होती. आणि सुनेला त्याच पाण्यात उतरताना बघायला रोज येऊन बसत होती, कारण सून जाणारच असेल तर राखण करायला कोणीतरी हवं. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत.

दार उघडलं. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना आत बोलावलं. प्रणाली आडवी, पोटावर मशीनचा पट्टा, आणि खोलीभर तो आवाज. धडधड, धडधड, भराभरा. प्रणाली हसत होती आणि रडत होती. "झोपलं होतं हो आई," ती म्हणाली, "गोड काहीतरी दिलं तर आता लाथा मारतंय."

हिराबाई त्या आवाजाकडे कान देऊन उभ्या राहिल्या. मग डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "एक सांग. पान्यात उभं र्‍हायल्यानं पोर जातो का?"

"नाही, आजी."

"बावखलाच्या पान्यात? रोज? गुडघाभर?"

डॉक्टरीणबाई शहाण्या. त्यांनी पेन खाली ठेवलं, खुर्ची पुढे ओढली. "आजी, पोटातच मूल का जातं ते पुष्कळदा आम्हालाही कळत नाही. पण गुडघाभर पाण्यात उभं राहिल्याने जात नाही. तुमचं काही चुकलं नव्हतं."

हिराबाईंनी पुन्हा एकदा विचारलं. त्यांनी पुन्हा एकदा तेच सांगितलं.

पुढच्या वर्गाला प्रणाली येणार नाही हे मी धरून चालले होते. तिच्या मनाने घेतलेली भीती बाहेर काढणं कठीण. पण दुपारी रिक्षा थांबली आणि आधी हिराबाई उतरल्या, मग हाताला धरून सुनेला उतरवली. "बसून र्‍हायली होती घरात," त्या मला म्हणाल्या. "मी बोलले, चल. तिला तिथं बरं वाटतं ना? मग बरं वाटू दे." त्या दिवशी खुर्ची त्यांनी काठाच्या जरा जवळ घेतली, आणि पावलं आत ओढली नाहीत.

दिवस भरले आणि मुलगी झाली. सावळी, केसाळ, घशाने खणखणीत. तलावावर सगळ्यांना बर्फी मिळाली, मॅनेजरना दोन. फिल्टरच्या खोलीमागे जाऊन कोणीतरी हिरव्या बांगड्या ठेवून गेलं, आणि मॅनेजरनी तेही पाहिलं नाही.

आता मी निवृत्त आहे. माझ्यानंतर तो वर्ग कोणी घेतला नाही, याचं वाईट वाटतं. जबाबदारी कोणाची, हा प्रश्न पुढे आला की चांगल्या गोष्टी अशाच बंद पडतात. नायगावच्या नव्या टॉवरांतल्या मुली मला फोन करून विचारतात, आंटी, कुठे जाऊ? त्यांच्या टॉवरखाली सुंदर निळे तलाव आहेत आणि त्यांत फक्त लहान मुलं आणि पाहुणे उतरतात. मी म्हणते, आधी डॉक्टरला विचारा, मग मला बोलवा, मी काठावर येऊन बसते. दोघीतिघींनी बोलावलंही.

पण निवृत्त होण्याआधीची एक दुपार सांगायची राहिली. नातीचं बारसं होऊन गेलं होतं. हिराबाई एकट्याच आल्या, काखेत पिशवी.

"गरोदर नसली तर घेतेस का गो पान्यात?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. पिशवीतून त्यांनी लांब बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा निळा कॉस्च्युम काढला, ब्लाऊजवाल्याकडून शिवून घेतलेला, गळ्याला पायपिंग लावलेला. डॉक्टरीणबाईंना विचारून आल्या होत्या, तेही त्यांनीच सांगितलं.

पहिल्या पायरीवर त्या बराच वेळ थांबल्या. मी घाई केली नाही. मग दुसरी, मग तिसरी. कमरेएवढ्या पाण्यात त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. आम्ही चाललो. बावखलाच्या गोष्टी नाहीत, पाचूबंदरची भांडणं नाहीत, काही नाही. कठड्यापर्यंत गेलो आणि परत आलो. मग त्या म्हणाल्या, "ती पोर निजायची तसं निजव मना."

मी नळी काखेखाली दिली, पाठीखाली हात घातला. हलकी होती बाई. कान पाण्यात गेले तशा त्या दचकल्या, पण उठल्या नाहीत. वर छपराच्या पत्र्याकडे बघत राहिल्या.

"टीचर."

"बोला."

"पोटात पोर पान्यातच असतो ना गो?"

"हो. सगळीच असतात."

"म्हनजे माझ्या पयल्यानं दुसरं काय बगितलंच नाय. पानीच बगितलं."

"हो, ताई."

त्यांचा एक हात पाण्यावर सपाट पसरला होता, झोपलेल्या मुलाच्या अंगावर ठेवतात तसा.

"गार नव्हतं ना लागत त्याला?"

"नाही हो. आईच्या अंगाइतकंच ऊन असतं ते पाणी."

वेळ संपल्याची शिट्टी झाली. बाकीच्या बायका पायऱ्यांकडे निघाल्या, चटयांवर पावलं वाजली. मी हिराबाईंना उठवायला दुसरा हात पुढे केला.

"नको," त्या म्हणाल्या. "मना अजून जरा र्‍हाऊ दे. बरं वाटतंय."